मधुमेहींसाठी गोडधोड : साखर कमी करावी, बदलावी, की पदार्थच निराळा निवडावा?

ओसरी :
नमस्कार. गौरी-गणपती तोंडावर आले आहेत आणि आमच्या घरात सासूबाई, मोठे दीर आणि आता माझे यजमान अशा तिघांना टाइप २ मधुमेह आहे. तिघेही गोळ्यांवर आहेत, इन्सुलिन कोणालाच नाही. गोड अजिबात बंद करा, असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही; प्रमाण सांभाळा, एवढेच सांगितले आहे. परंतु प्रमाण नेमके कशाचे सांभाळायचे, हे दवाखान्यातल्या पाच मिनिटांत उमगत नाही. सणाच्या दिवशी एका ताटात तीन माणसांना वगळून उरलेल्यांनी गोड खायचे, हे मला पटत नाही आणि त्यांना पटण्याचा तर प्रश्नच नाही.

माझे प्रश्न स्वयंपाकघरातले आहेत. कोणते पारंपरिक पदार्थ कमी साखरेत नीट होतात आणि कोणते बिघडतात? साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या आणि भुकट्यांपैकी आचेवर काय टिकते? गूळ, मध, खजूर यांबद्दल प्रत्येक नातेवाईक वेगळे सांगतो, त्यात तथ्य किती? बाजारातल्या ‘शुगर फ्री’ मिठाईवर कितपत विसंबावे? ‘गोड सोडूनच द्या’ असा प्रतिसाद कृपया कोणी देऊ नये, तो सल्ला घरात पुरेसा मिळतो.

जायफळ :
ओसरीताई, मी आहारशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडे हिशेबाने लिहिते. मधुमेहात विचार केवळ साखरेचा करून चालत नाही. वाटीतल्या सगळ्या कर्बोदकांचा करावा लागतो, कारण कणीक, तांदूळ, साबुदाणा आणि दूध यांचाही शेवट रक्तातल्या ग्लुकोजमध्येच होतो.

पुरणपोळीच घ्या. २०० ग्रॅम हरभरा डाळ, २०० ग्रॅम गूळ आणि त्यातून १० पोळ्या, असा साधा हिशेब धरला तर एका पोळीत २० ग्रॅम गूळ येतो आणि त्यातून साधारण १७ ते १८ ग्रॅम साखर मिळते. वरच्या पारीची २५ ग्रॅम कणीक तेवढेच कर्बोदक देते, डाळीचे १० ग्रॅमच्या आसपास. एकूण झाले ४५ ग्रॅम. आता आपण गूळ निम्मा केला, तर हा आकडा ३६ वर येतो. एवढी चव गमावून वाचला तो पाचवा हिस्सा! त्यापेक्षा नेहमीच्या गोडीची अर्धी पोळी खाल्ली तर सरळ निम्मे वाचते. शिवाय त्या दिवशी भाताची मूद सोडली, तर १०० ग्रॅम शिजलेल्या भातामागे आणखी २८ ग्रॅम कमी होतात. पुरणात हरभऱ्याची डाळ असते, ती सावकाश पचते, वर तूपही असते. त्यामुळे गोड पदार्थांत पुरणपोळी ही तितकी खलनायिका नाही, जितकी तिला ठरवले जाते.

श्रीखंडाचे गणित नेमके उलटे आहे. घरोघरी चक्का आणि साखर समसमान घेतात, म्हणजे १०० ग्रॅम श्रीखंडात ५० ग्रॅम साखर झाली. चक्क्यातली दुग्धशर्करा निवळीबरोबर बरीचशी निथळून जाते, राहते ती ५ ग्रॅमच्या आत. इथे साखर बदलली तर ५० चे ५ होतात. म्हणून पदार्थ निवडताना त्यातल्या कर्बोदकांत वरून घातलेल्या साखरेचा वाटा किती, हे आधी पाहावे. वाटा मोठा असेल तिथे साखर बदलावी. लहान असेल तिथे पदार्थ आहे तसा ठेवून घास मोजावेत.

बासुंदीची फसगत तिसऱ्याच प्रकारची असते. लिटरभर दुधात ४५ ते ५० ग्रॅम दुग्धशर्करा असते. दूध आटवून एक तृतीयांश केले, तर तीच शर्करा ३३० मिलिलिटरमध्ये गोळा होते. त्यामुळे साखरेचा कण न घातलेल्या बासुंदीच्या १०० मिलिलिटर वाटीतही १४ ग्रॅमच्या आसपास शर्करा असते. ती साखरेइतक्या वेगाने चढत नाही, हे खरे. पण ‘बिनसाखरेची आहे, घ्या अजून एक वाटी’ हा आग्रह चुकीचाच.

नांगरट :
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऊस आणि गुऱ्हाळ आहे. सेंद्रिय गुळाला साखरेच्या पंक्तीला बसवणे मला योग्य वाटत नाही. गुळात लोह आहे, खनिजे आहेत, तो रसायनांनी पांढरा केलेला नाही. आमच्या आजोबांनी जन्मभर रोज गूळ-पाणी घेतले आणि त्यांना कधी मधुमेह झाला नाही.

जायफळ :
नांगरट, गुऱ्हाळाच्या गुळाची चव साखरेला नाही, याबद्दल आपले दुमत नाही आणि निरोगी माणसाने तो जरूर खावा. परंतु गुळाचा बहुतांश भाग साखरेचाच असतो आणि उरलेल्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात. रक्तशर्करा किती वेगाने चढते, हे मोजले तर गूळ साखरेच्या मागे राहत नाही. दोन चमचे गुळातून मिळणारे लोह नाचणीच्या किंवा पालेभाजीच्या एका वाढणीपुढे नगण्य असते. आजोबांबद्दल म्हणाल, तर दिवसभर नांगर धरणाऱ्या माणसाचे स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात. त्यांच्या गूळ-पाण्याबरोबर त्यांची नांगरटही मोजावी लागेल. मध, काकवी, नारळाची साखर या सगळ्यांना हाच न्याय. आवडीसाठी वापरायचे तर साखरेइतकेच मोजून वापरावे.

पाटावरवंटा :
जायफळताईंच्या प्रतिसादानंतर हिशेबाचे काही लिहीत नाही. कमी साखरेत काय जमते आणि काय नाही, एवढेच अनुभवाने सांगते.

साखर पदार्थात फक्त गोडी आणत नाही. ती तूप धरून ठेवते, रवाळपणा देते, रंग आणते, पाक होऊन पदार्थ बांधते आणि टिकवतेही. म्हणून ज्या पदार्थात साखरेला गोडीपलीकडे काम आहे, तिथे ती काढली की पदार्थ बसतो, अक्षरशः. बेसन लाडवातून पिठीसाखर वगळली तर तूप सुटून लाडवांच्या वड्या होतात. तिथे साखर निम्म्यावर आणायची, तूपही त्याच बेताने कमी करायचे आणि भरड दळलेले फुटाण्याचे डाळे व बदामाचा कूट यांनी भर काढायची. लाडू सुपारीपेक्षा थोडा मोठा वळावा. चिरोटे, अनारसे, गुलाबजाम, जिलबी अशा साखरेत वा पाकातच ज्यांचा जीव आहे, त्या पदार्थांच्या वाटेला जाऊ नये. खायचेच झाले तर मूळ रूपात, एक तुकडा.

दुधी हलवा मात्र सगळ्यांत गुणी. दुधी भोपळ्यात कर्बोदके अगदी कमी. तुपावर कीस परतून त्याचे पाणी पूर्ण आटवावे, मग दुधाऐवजी ताजे पनीर किंवा थोडा खवा कुस्करून घालावा, आच बंद करून गोडीची भुकटी मिसळावी आणि वेलदोडा सढळ हाताने घालावा. गाजराला स्वतःची गोडी असते, त्यामुळे किलोभर गाजराला पावशेर साखर घालण्याची सवय असणाऱ्यांनी ती १०० ग्रॅमवर आणली तरी पाहुण्यांना कळत नाही. जायफळ, केशर, वेलदोडा, भाजलेल्या खोबऱ्याचा वास आणि चिमूटभर मीठ यांनी जिभेला गोडी आहे त्यापेक्षा अधिक भासते, ही युक्ती जुन्या सुगरणींनाही ठाऊक होती.

चक्क्याबद्दल एक सूचना. पूर्ण साखरेचे श्रीखंड सैल होते आणि पुरणयंत्रातून सहज उतरते. बिनसाखरेचा चक्का घट्ट राहतो, म्हणून त्यात दोन चमचे दाट साय फेटून घालावी. बरोबर पुऱ्या न देता नुसतेच वाटीत वाढावे. हापूसच्या दिवसांत आम्रखंडात आमरसाची गोडी असतेच, पण १०० ग्रॅम आमरसात १४ ते १५ ग्रॅम साखर धरावी लागते, हे विसरू नये. रस दोन चमचे आणि चक्का भरपूर, असे प्रमाण ठेवावे.

उपासाच्या गोडाबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहून टाकते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याच्या खिरीतून साखर काढून फारसे काही साधत नाही. राजगिऱ्याच्या लाह्याही फुललेल्या असल्याने लवकर पचतात आणि त्यांचा लाडू तर गुळाच्या पाकावरच उभा असतो.

उंबरझाड :
आमच्या सोसायटीत एक भगिनी ‘शुगर फ्री’ म्हणून खजूर-सुकामेव्याचे लाडू विकतात आणि मधुमेही मंडळी हौसेने दिवसाला तीन-चार खातात. हे कितपत योग्य आहे?

जायफळ :
खजुरात दर १०० ग्रॅमला ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि ती जवळजवळ सगळी शर्कराच असते. त्यात तंतू असल्याने व बदाम-अक्रोडांची सोबत असल्याने ती साखरेपेक्षा सावकाश चढते, इतकेच. बाहेरून साखर घातलेली नाही, हे विधान खरे; लाडू साखरविरहित आहे, हे विधान खोटे. एक लाडू, तोही चहाच्या बिस्किटांऐवजी, असा हिशेब ठेवला तर तक्रार नाही. मूत्रपिंडाचा विकार सोबत असेल, तर खजूर आणि सुकामेव्यातल्या पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे.

औषधपेटी :
माझे औषधांचे दुकान असल्याने गोडीच्या गोळ्यांबद्दल रोज प्रश्न येतात. ओसरीताईंच्या दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर लिहितो.

ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असते, परंतु उष्णतेने त्याचे विघटन होऊन गोडी जाते, त्यामुळे उकळत्या खिरीत घातलेली गोळी वाया जाते. ते थंड झालेल्या पदार्थात वापरावे. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी अजिबात वापरू नये. सुक्रलोज सुमारे ६०० पट गोड आणि दूध उकळण्याच्या तापमानाला टिकणारे. मात्र तळण्याच्या किंवा भट्टीच्या तापमानाला ते नको. १२० अंशांवर तापवल्यास त्यातून क्लोरिनयुक्त हानिकारक संयुगे तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये दिला होता. स्टीव्हिया वनस्पतीजन्य आहे आणि आचेवर टिकते. जास्त झाली की जिभेवर ज्येष्ठमधासारखी कडवट चव रेंगाळते. ती वेलदोडा व जायफळाच्या जोडीने झाकता येते. एरिथ्रिटॉल साखरेच्या ६० ते ७० टक्के गोड, दिसायला साखरेसारखे आणि भर देणारे, पण तोंडात थंडावा जाणवतो व गार झाल्यावर त्याचे खडे बनतात. त्याच्या रक्तातील वाढलेल्या पातळीचा आणि हृदयविकाराचा संबंध दाखवणारा एक अभ्यास २०२३ मध्ये आल्यापासून मी हृदयरुग्णांना ते वाटीभर वापरू नका, असे सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी अशा पर्यायी गोडीचा आधार घेऊ नये, अशी शिफारस केली, तेव्हा आमच्या गल्ल्यापुढे गोळ्या परत करणाऱ्यांची रांग लागायची तेवढी राहिली होती. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, असे त्याच पत्रकात लिहिले होते. बातम्यांतून नेमके तेवढेच गळले.

आता लेबल. आपल्याकडच्या नियमांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणण्यासाठी १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ‘साखर घातलेली नाही’ हा दावा पूर्णपणे वेगळा आहे आणि दोन्ही दाव्यांत मैदा, खवा, तूप यांविषयी अवाक्षर नसते. म्हणून पुढचे मोठे अक्षर सोडून पाठीमागची एकूण कर्बोदकांची ओळ वाचावी. घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज किंवा इन्व्हर्ट सिरप दिसले, तर ती साखरेचीच भावंडे समजावीत. क्रमांक ९६५ म्हणजे माल्टिटॉल. बऱ्याच ‘शुगर फ्री’ चॉकलेटांत आणि मिठायांत हेच असते. ते रक्तशर्करा साखरेपेक्षा कमी चढवते, पण चढवते, आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. क्रमांक ९६७ म्हणजे झायलिटॉल. घरात कुत्रा असेल तर तो डबा त्याच्या तोंडी लागू देऊ नये, कुत्र्यांना ते विषारी असते.

सुट्या मिठाईला लेबलच नसते. तिथे विचारून मिळालेल्या उत्तरावर किती विसंबायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. मी विसंबत नाही.

सांतेरी :
गोव्याकडून थोडी भर घालते. आमच्याकडे सणाला मणगणे करतात : हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस आणि गूळ. यातला साबुदाणा केवळ दाटपणासाठी असतो. तो चमचाभरच ठेवून थोडी शिजलेली डाळ घोटून घातली की दाटपणा येतो, आणि नारळाच्या दाट रसाला स्वतःची मंद गोडी असल्याने गूळ नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणला तरी चालतो. काजूचे तुकडे व वेलची हवीच. माडाचा गूळ मधुमेहाला चांगला म्हणून अलीकडे महाग विकला जातो. त्याचा खमंगपणा मला प्रिय आहे, परंतु तीही साखरच; थोड्यात जास्त वास येतो म्हणून कमी घालावा लागतो, हा त्याचा खरा फायदा. बेबिंका आणि दोदोल यांचे मात्र काही करता येत नाही. ते पातळ काप करून खावेत.

नाचणीचे सत्त्व ‘डायबेटीसला उत्तम’ म्हणून देतात, त्याबद्दल जायफळताईंनी लिहावे.

जायफळ :
सांतेरीताई, नाचणीचे गुण तिच्या कोंड्यात आहेत. सत्त्व काढताना आपण नाचणी भिजवून, वाटून, गाळून कोंडाच टाकून देतो आणि पिष्ट ठेवतो. लहान मुलाला आणि आजाऱ्याला ते हलके म्हणून देतात ते याच कारणाने, आणि मधुमेहीला ते भरभर चढते तेही याच कारणाने. अख्ख्या नाचणीचे जाडसर पीठ ताकात शिजवून आंबील करावी. गोडच हवे तर त्याच पिठाची खीर दुधात, वर बदामाचा कूट घालून.

दूरदेशी :
न्यू जर्सीत राहतो. इथे ॲल्युलोज नावाची दुर्मीळ शर्करा दुकानात सहज मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तिला लेबलवरच्या एकूण साखरेतून आणि वरून घातलेल्या साखरेतून वगळण्याची मुभा दिली, कारण ती शोषली जाते पण शरीर तिचा ऊर्जेसाठी जवळजवळ उपयोग करत नाही. ती साखरेच्या ७० टक्के गोड असते आणि एरिथ्रिटॉलसारखी खडे धरत नाही. तापवली की साखरेसारखी तपकिरी होते, त्यामुळे कॅरॅमल कस्टर्ड तिच्यात उत्तम साधते. आमच्या मंडळाच्या गणपतीत बदामाच्या पिठाची काटली तिच्यात केली. वडी नेहमीपेक्षा मऊ राहिली, फ्रीजमध्ये ठेवून कापावी लागली, पण चवीत कोणाला फरक सांगता आला नाही. एका वेळी जास्त खाल्ल्यास पोट फुगते. भारतात असलेल्या नातेवाइकांनी मागवली तर मी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगतो.

ओसरी :
सर्वांचे मनापासून आभार. गौरीच्या जेवणात पुरणपोळी अर्धी आणि भात नाही, हे घरात मान्य झाले आहे. सासूबाईंनी भातापेक्षा पोळी निवडायला क्षणही घेतला नाही. दोन शंका उरल्या आहेत. साखर केव्हा तपासावी? आणि कमी गुळाचे पुरण मी केले तर ते भुरभुरीत होऊन पोळी फाटेल का?

जायफळ :
पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी बोटावर तपासावी आणि शक्य तर जेवणाआधीचाही आकडा लिहून ठेवावा, म्हणजे त्या जेवणाने किती चढली ते कळते. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत असावा, असे सर्वसाधारण लक्ष्य असते. वयस्कर माणसांसाठी डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात. आधी कोशिंबीर, भाजी आणि कटाची आमटी, मग पोळी, असा क्रम ठेवला आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे शतपावली केली, तर तीच अर्धी पोळी कमी चढते. नैवेद्यासाठी जेवण दुपारी दोन-तीनपर्यंत लांबते आणि सकाळच्या गोळ्या मात्र घेतलेल्या असतात, त्याकडे लक्ष असू द्यावे. उपाशीपोटी साखर उतरण्याचा धोका गोडाइतकाच खरा आहे.

औषधपेटी :
याला जोडून एक. साखर उतरून घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर पर्यायी गोडीचा पदार्थ काहीही कामाचा नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. तिघांपैकी कोणाच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर साधी साखर किंवा पेढाही लवकर उपयोगी पडत नाही, कारण साखरेचे विघटन होण्याची क्रियाच ती गोळी मंदावते. तिथे ग्लुकोजच लागते. सणाच्या दिवशी त्याचा पुडा देव्हाऱ्याजवळ नको, हाताशी हवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

पाटावरवंटा :
पुरणाबद्दल माझ्याकडून. वाटीभर डाळीला पाऊण वाटी गूळ इथपर्यंत काही विशेष करावे लागत नाही. अर्ध्या वाटीवर आलात तर पुरण लवकर आळते आणि कोरडे पडते, म्हणून डाळ नेहमीपेक्षा किंचित जास्त मऊ शिजवावी, कट पूर्ण निथळावा, पण त्यातला दोन चमचे बाजूला ठेवावा. गूळ घालून शिजवताना उलथने उभे राहण्याची वाट पाहू नये, त्याआधीच उतरवावे. गरम असतानाच यंत्रातून काढावे, भुरभुरीत वाटले तर राखलेला कट आणि चमचाभर तूप घालून मळावे. कणीक सैलसर भिजवून तासभर तरी मुरू द्यावी आणि पुरणाचा गोळा पारीपेक्षा फार मोठा घेऊ नये. पोळी लहान लाटली की अर्धी करण्याचा प्रश्नही उरत नाही. कमी गुळाचे गोळे मात्र वेगळ्या ताटात झाकून ठेवावेत, कारण लाटल्यावर दोन्ही पोळ्या सारख्याच दिसतात.